कॉलेज कॉन्फरन्सच्या टीव्ही करारांवरचे खटले कसे वाचायचे: नव्याने येणाऱ्यांसाठी

माझा मुलगा अमेरिकेत, साउथ कॅरोलायनातल्या क्लेमसन विद्यापीठात शिकतो आणि आम्ही शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनात, शार्लटला राहतो. मार्च २०२४ मध्ये त्याच्या विद्यापीठाने बाहेर पडण्याच्या अटींवरून आपल्याच कॉन्फरन्सवर दावा ठोकला. त्या संध्याकाळी त्याचा फोन आला, "आई, आता फी वाढणार का गं?" मला उत्तर देता आलं नाही. महाराष्ट्र मंडळातही तोच विषय. प्रत्येकाचं मत वेगळं, आणि मूळ कागद कुणीच वाचलेला नाही.

मी वकील नाही. हिशेबाच्या कामात वीस वर्षं गेली, त्यामुळे कागद सापडेपर्यंत मला चैन पडत नाही. पुढचं वर्षभर मी हे खटले दाव्यांमधून आणि हुकमांमधून वाचले. सुरुवातीला बऱ्याच चुका झाल्या, वेळही गेला. तुमची मुलं इथे शिकत असतील, तुम्ही स्पोर्ट्स मॅनेजमेंट किंवा कायदा शिकायला येत असाल किंवा यावर लिहायचं असेल, तर तो वेळ वाचावा म्हणून हे लिहिते आहे. हा कायदेशीर सल्ला नाही. कागद कसा शोधायचा आणि कसा वाचायचा, एवढंच यात आहे.

१. आधी चार शब्द पक्के करा

कॉन्फरन्स म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांचा संघ. या लेखात मुख्यतः येते ती एसीसी, म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स. तिची स्थापना १९५३ ची. कार्यालय आधी ग्रीन्सबरोला होतं, २०२३ मध्ये शार्लटला आलं.

प्रक्षेपण हक्क मुळात यजमान विद्यापीठाचे असतात. सामना ज्याच्या मैदानावर, हक्क त्याचे. विद्यापीठं ते कॉन्फरन्सकडे देतात, कॉन्फरन्स सगळ्यांची मोट बांधून वाहिनीला विकते आणि पैसे वाटते.

एक्झिट फी म्हणजे कॉन्फरन्स सोडताना भरायची रक्कम.

चौथा शब्द ग्रँट ऑफ राइट्स. घरच्या मैदानावरच्या सामन्यांचे प्रक्षेपण हक्क अमुक तारखेपर्यंत कॉन्फरन्सच्या नावे करून दिल्याचा हा स्वतंत्र कागद. एक्झिट फी भरली म्हणून हा कागद आपोआप सुटत नाही. नव्या माणसाचा सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो. फी भरून तुम्ही घराबाहेर पडलात, पण दागिने अजून त्यांच्याच तिजोरीत आहेत. नव्या कॉन्फरन्सला तुम्ही हवे असता ते त्या दागिन्यांसाठी.

२. १९८४ चा निकाल एकदा तरी वाचा

हे हक्क कॉन्फरन्सकडे कसे आले, ते या निकालातून कळतं. त्याआधी कॉलेज फुटबॉलचं (या लेखात फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल) सगळं प्रक्षेपण एनसीएए ही राष्ट्रीय संस्था ठरवायची. कुठला संघ किती वेळा टीव्हीवर दिसेल, यालाही मर्यादा होती. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांच्या बाजूने दावा झाला, आणि २७ जून १९८४ ला सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी एनसीएएची ही योजना मक्तेदारीविरोधी कायद्याच्या विरोधात ठरवली. बहुमताचा निकाल न्या. स्टीव्हन्स यांचा. विरोधी मत न्या. बायरन व्हाइट यांचं, जे स्वतः नावाजलेले फुटबॉलपटू होते. दोन्ही वाचा. खेळ शिक्षणापासून तुटून पैशामागे जाईल, ही व्हाइट यांची काळजी आज वाचताना मन अस्वस्थ होतं.

या निकालानंतर विद्यापीठं आणि कॉन्फरन्स आपापले करार करायला मोकळ्या झाल्या. आजची भांडणं तिथून सुरू होतात.

३. ही कागदपत्रं जमवा

- ग्रँट ऑफ राइट्सचा मूळ कागद आणि त्यातल्या सगळ्या दुरुस्त्या
- कॉन्फरन्सची घटना आणि नियमावली (एक्झिट फी इथे सापडते)
- दोन्ही बाजूंचे दावे, नंतर दुरुस्त केलेले दावेसुद्धा
- न्यायालयाचे लेखी हुकूम
- कॉन्फरन्सचा कर-विवरणाचा फॉर्म ९९०
- सार्वजनिक विद्यापीठ असेल तर विश्वस्त मंडळाच्या बैठकीचं चित्रण किंवा इतिवृत्त
- एक वही, दोन रंगांची पेनं

पहिल्या दोन गोष्टी वेगळ्या शोधत बसू नका. त्या बहुतेक वेळा दाव्याला जोडलेल्या असतात. आपल्याकडच्या कोर्टात ज्याला निशाणी म्हणतात, त्याला इथे एक्झिबिट म्हणतात. दाव्याची पानं संपली की फाइल बंद करू नका, खरा ऐवज मागे असतो.

वाहिनीशी झालेला मूळ करार मात्र तुम्हाला मिळणार नाही. ईएसपीएन या क्रीडा वाहिनीशी झालेला एसीसीचा करार शार्लटच्या कार्यालयात ठेवलेला असे. सदस्य विद्यापीठांच्या माणसांनी तिथे जाऊन वाचायचा, प्रत न्यायची नाही, ही फ्लोरिडा स्टेटची, म्हणजे एसीसीवर दावा करणाऱ्या दुसऱ्या सदस्य विद्यापीठाची, एक मोठी तक्रार होती. एप्रिल २०२४ मध्ये फ्लोरिडाच्या ॲटर्नी जनरलनी तो करार उघड व्हावा म्हणून वेगळा दावा केला. न्यायालयातल्या प्रतींमध्ये अशा मजकुरावर काळ्या पट्ट्या असतात. म्हणून "करारात असं लिहिलंय" असं कुणी छातीठोक सांगितलं, की त्याने कुठलं पान पाहिलं, ते विचारा.

४. कुठे शोधायचं

पहिल्या आठवड्यात मी केलेली चूक सांगते. अमेरिकेत खटला म्हटलं की पेसर हे न्यायालयीन कागदांचं संकेतस्थळ, एवढंच ऐकलं होतं. खातं उघडलं, दोन संध्याकाळी शोधत बसले, काही सापडेना. पेसर फक्त संघराज्याच्या न्यायालयांसाठी आहे, आणि एसीसीचे हे खटले राज्यांच्या न्यायालयांत होते. आधी न्यायालय कुठलं ते बघा, मग संकेतस्थळ उघडा.

नॉर्थ कॅरोलायनात असे मोठे व्यापारी वाद बिझनेस कोर्टाकडे जातात. तिथले कागद आणि हुकूम ऑनलाइन, फुकट वाचता येतात. फ्लोरिडात त्या त्या काउंटीच्या क्लर्कच्या संकेतस्थळावर शोधा. फ्लोरिडा स्टेटचा दावा टॅलाहासीत, म्हणजे लिऑन काउंटीत होता. साउथ कॅरोलायनातही काउंटीवार सूची आहे. क्लेमसनसाठी पिकन्स काउंटी निवडा.

खटला संघराज्याच्या न्यायालयात असेल, तर पेसरच. उदाहरणार्थ, सप्टेंबर २०२४ मध्ये पॅक-१२ या कॉन्फरन्सने माउंटन वेस्ट या दुसऱ्या कॉन्फरन्सवर कॅलिफोर्नियात केलेला दावा. पाच विद्यापीठं ओढून नेल्याबद्दल माउंटन वेस्टने मागितलेल्या ५ कोटी ५० लाख डॉलरवरून ते भांडण होतं. पेसरवर पानामागे १० सेंट पडतात, पण तिमाहीत ३० डॉलरच्या आत राहिलात तर बिल येत नाही. त्याआधी कोर्टलिसनर या मोफत संकेतस्थळावर बघा. कुणीतरी आधीच उतरवलेली प्रत तिथे बऱ्याचदा फुकट असते.

सार्वजनिक विद्यापीठाकडे माहितीचा अर्जही करता येतो, आपल्या माहिती अधिकारासारखा. पण राज्याराज्यांत फरक आहे. फ्लोरिडात कुणीही अर्ज करू शकतो, तर व्हर्जिनियात तो हक्क मुख्यतः त्या राज्याच्या नागरिकांना. ड्यूक, मायामी, स्टॅनफर्ड यांसारखी खासगी विद्यापीठं या कायद्यात येत नाहीत, कॉन्फरन्सही स्वतःला खासगी संस्था म्हणवते.

५. "कोण बरोबर" आधी "कुठे" बघा

हे मला कळायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

३ डिसेंबर २०२३, रविवार. फ्लोरिडा स्टेटचा फुटबॉल संघ १३ पैकी १३ सामने आणि एसीसीचं विजेतेपद जिंकूनही राष्ट्रीय प्लेऑफच्या चार संघांतून वगळला गेला. मी कोल्हापूरची. तालमीच्या संघावर जीव ओवाळून टाकणारी माणसं शाहू स्टेडियमवर बघत वाढले, त्यामुळे टॅलाहासीतल्या लोकांच्या घशात त्या दिवशी काय दाटलं असेल, ते मला सांगावं लागलं नाही. तीन आठवड्यांच्या आत विद्यापीठाच्या विश्वस्तांनी कॉन्फरन्सवर दावा करायचा का, ते ठरवायला २२ डिसेंबरला बैठक बोलावली. कॉन्फरन्सने त्याआधीच, २१ तारखेला, शार्लटच्या मेक्लेनबर्ग काउंटीत फ्लोरिडा स्टेटवर दावा लावला. दुसऱ्या दिवशी बैठक झाली आणि लिऑन काउंटीत विद्यापीठाचा दावा दाखल झाला.

क्लेमसनने १९ मार्च २०२४ ला पिकन्स काउंटीत दावा केला आणि २० मार्चला एसीसीने मेक्लेनबर्गमध्ये. एकाच करारावर चार दावे, तीन राज्यं.

आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १० आहे. त्याच पक्षांमध्ये त्याच मुद्द्यावर आधीचा दावा चालू असेल, तर नंतरच्या दाव्याची सुनावणी थांबते. इथे दोन वेगळ्या राज्यांच्या न्यायालयांना एकमेकांसाठी थांबण्याची अशी सक्ती नाही. आधी कोण आलं, याला वजन असतं, पण ते न्यायाधीशाच्या विवेकावर. म्हणून ही एका दिवसाची धावपळ.

त्यात आणखी एक गाठ आहे. सरकारी विद्यापीठ म्हणजे राज्याचंच अंग. एका राज्याला त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्या राज्याच्या न्यायालयात खेचता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हायट खटल्यात सांगितलं. फ्लोरिडा स्टेटने हेच कवच पुढे केलं. ४ एप्रिल २०२४ च्या हुकमात नॉर्थ कॅरोलायनाच्या बिझनेस कोर्टाचे न्यायाधीश ब्लेडसो यांनी ते मानलं नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या संघटनेचं सदस्यत्व घेऊन तिथे काम केलं, तेव्हाच तिथल्या न्यायालयाला संमती दिल्यासारखं झालं, असा त्यांचा तर्क. नव्या माणसाने पहिला हुकूम वाचायचा तर हाच वाचावा. लांब आहे, पण आधीची सगळी हकिकत त्यात क्रमाने मांडलेली आहे.

वहीत एक पान फक्त यासाठी ठेवा: कुठला दावा, कुठली काउंटी, दाखल तारीख, न्यायाधीश. ते पान नसेल तर चौथ्या आठवड्यात सगळी गुंतागुंत होते.

६. ते एक वाक्य

एसीसीची ग्रँट ऑफ राइट्स अगदी थोड्या पानांची आहे. इतक्या कोट्यवधी डॉलरचं भांडण आणि कागद एवढासा, हे पाहून मी थबकले होते. डायनिंग टेबलवर छापील प्रत पसरली, निळं पेन विद्यापीठासाठी, लाल पेन कॉन्फरन्ससाठी.

पहिल्याच कलमात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. एक अशी, की सदस्य हे हक्क मागे न घेता येतील अशा रीतीने कॉन्फरन्सला देतो, आणि तो पुढे सदस्य राहो वा न राहो, ठरलेल्या मुदतीपर्यंत ते तसेच राहतात. इथे लाल रेघ. दुसरी अशी, की दिलेले हक्क म्हणजे वाहिनीशी झालेल्या करारातली कॉन्फरन्सची कर्तव्यं पार पाडायला जे आवश्यक आहेत ते. इथे निळी रेघ. क्लेमसनचा सगळा युक्तिवाद त्या "आवश्यक" शब्दावर उभा होता: आम्ही सदस्यच राहिलो नाही, तर आमचे सामने दाखवणं त्या करारासाठी आवश्यक कसं? कॉन्फरन्सचं उत्तर लाल रेघेवर: सदस्य जाऊ शकतो, हे गृहीत धरूनच तर ते शब्द घातले.

मी ते कलम वीसेक वेळा वाचलं असेल. मुलगा माझा क्लेमसनचा, तरी मला लाल रेघ जास्त भक्कम वाटते. तुम्हाला वेगळं वाटू शकतं, आणि तसं वाटायला जागा आहे, कारण या वाक्यावर अंतिम निकाल लागलाच नाही.

आता माझी दुसरी चूक. मी आधी फक्त २०१३ चा कागद वाचला होता. मेरीलँड विद्यापीठाने नोव्हेंबर २०१२ मध्ये एसीसी सोडून बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्सला जायचं जाहीर केल्यावर घाईने झालेला तो करार २०२७ पर्यंतचा होता. तीन आठवडे मी भेटेल त्याला सांगत होते की २०२७ ला सगळं मोकळं होईल. २०१६ ची दुरुस्ती नंतर हाती आली: एसीसी नेटवर्क ही वाहिनी काढण्याच्या बदल्यात मुदत २०३६ पर्यंत वाढवलेली. आता मी कुठलाही करार उघडला की आधी शेवटची दुरुस्ती शोधते.

फ्लोरिडा स्टेटच्या दाव्यात मुदतीबद्दल आणखी एक धागा होता. ईएसपीएनकडे २०२७ नंतर करार पुढे चालू ठेवायचा की नाही, हा एकतर्फी पर्याय होता आणि तो कळवायची मुदत कॉन्फरन्सने २०२५ पर्यंत वाढवून दिली होती. विद्यापीठं २०३६ पर्यंत बांधलेली आणि वाहिनी मोकळी, ही त्यांची तक्रार मला पटते. जानेवारी २०२५ मध्ये ईएसपीएनने तो पर्याय वापरला.

७. रक्कम फोडून बघा

एसीसी सोडायला किती पडेल, याचा फ्लोरिडा स्टेटने सांगितलेला आकडा होता ५७ कोटी २० लाख डॉलर. बातम्यांत तो सगळा "एक्झिट फी" म्हणून छापला गेला. दावा उघडलात तर तो फुटतो: सुमारे १३ कोटी एक्झिट फी, सुमारे ४२ कोटी ९० लाख गमावलेल्या प्रक्षेपण हक्कांचे, उरलेले १ कोटी ३० लाख इतर. तीन चतुर्थांश वजन दुसऱ्याच कागदाचं आहे.

एक्झिट फीवरचा कायदेशीर प्रश्नही वेगळा. ही नुकसानभरपाई आहे की दंड? आपल्या करार कायद्याचं कलम ७४ ज्यांना माहीत आहे, त्यांना हे ओळखीचं वाटेल: करारात आकडा लिहिला म्हणून तो सगळा मिळत नाही, वाजवी तेवढंच. इथे न्यायालय पाहतं की करार करताना तो अंदाज वाजवी होता का. निव्वळ दंड ठरला तर कलमच लागू होत नाही. मेरीलँडकडून एसीसीने ५ कोटी २२ लाख मागितले होते. २०१४ मध्ये सुमारे ३ कोटी १४ लाखांवर तडजोड झाली.

भांडणामागची ओढ समजायला फॉर्म ९९० लागतो. २०२२-२३ मध्ये बिग टेनने सदस्यामागे सुमारे ६ कोटी ५ लाख डॉलर वाटले, एसईसी या आणखी एका मोठ्या कॉन्फरन्सने सुमारे ५ कोटी १३ लाख, एसीसीने सरासरी सुमारे ४ कोटी ४८ लाख. हा फरक दरवर्षीचा आहे.

८. बातमी वाचताना इथे ठेच लागते

"दावा फेटाळला" असं दिसलं की हुकमाची शेवटची दोन पानं वाचा. एप्रिल २०२४ मध्ये लिऑन काउंटीच्या न्यायाधीशांनी फ्लोरिडा स्टेटचा दावा काढून टाकला, पण दुरुस्त करून पुन्हा आणायची मुभा देऊन. विद्यापीठाने तो आणला आणि जूनमध्ये दुरुस्त दावा टिकला. मधल्या काळात आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर खटला संपल्याचं जाहीर होऊन गेलं होतं.

विद्यापीठाने ईएसपीएनवर दावा केला, हेही चूक. या दाव्यांत वाहिनी पक्षकार नव्हती.

पत्र आणि दावा एक समजू नका. टेक्सस आणि ओक्लाहोमा ही विद्यापीठं बिग १२ कॉन्फरन्समधून निघाल्यावर जुलै २०२१ मध्ये त्या कॉन्फरन्सने ईएसपीएनला कडक पत्र पाठवलं, ते पत्रच होतं. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये या दोन विद्यापीठांनी मिळून १० कोटी डॉलर सोडून वाट काढली.

आणि प्रत्येक भांडण ग्रँट ऑफ राइट्सचं नसतं. पॅक-१२ मधून बारापैकी दहा विद्यापीठं गेली ती करार २०२४ मध्ये संपत होता म्हणून. मागे राहिलेल्या ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेटने वॉशिंग्टन राज्यातल्या व्हिटमन काउंटीत दावा केला तो वेगळ्याच प्रश्नावर: जाण्याची नोटीस दिलेल्यांना कॉन्फरन्सच्या पैशावर मत देता येईल का? नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने अंतरिम मनाई देऊन त्या दोघांच्या बाजूने कौल दिला. दोन लहान गावांतल्या विद्यापीठांनी दहा जणांसमोर टिकाव धरला, आणि तो नियमावलीतल्या एका कलमाच्या जोरावर.

९. तडजोड झाली की पुन्हा वही उघडा

असे खटले बहुधा निकालापर्यंत जात नाहीत. ४ मार्च २०२५ ला एसीसी, फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन यांच्यात तडजोड झाली, सगळे दावे मागे घेतले गेले. त्यातून दोन गोष्टी टिपून घ्या. टीव्हीच्या पैशातले ४० टक्के सगळ्यांना सारखे आणि ६० टक्के प्रेक्षकसंख्येवर, तीही पाच वर्षांच्या सरासरीने. आणि सोडून जायची रक्कम २०२५-२६ साठी १६ कोटी ५० लाख डॉलर, दरवर्षी १ कोटी ८० लाखांनी कमी होत २०३०-३१ ला ७ कोटी ५० लाख. मुख्य म्हणजे ती भरली की प्रक्षेपण हक्क विद्यापीठासोबत जातात. पहिल्या पायरीवर सांगितलेले दागिने आता फीसोबत सुटतात.

मला यात काळजी वाटते ती पोहणाऱ्या, धावणाऱ्या, व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलांची. त्यांच्या संघांचा खर्च बहुतेक ठिकाणी फुटबॉलच्या टीव्हीच्या पैशातून निघतो, आणि स्टॅनफर्ड, कॅलिफोर्निया ही पश्चिम किनाऱ्यावरची विद्यापीठं एसीसीत आली तेव्हापासून ती मुलं अर्धा देश ओलांडून सामन्याला जातात. प्रेक्षकसंख्येवर वाटप सुरू झालं की ज्यांचा फुटबॉल कमी पाहिला जातो, त्यांच्या या संघांचं काय, हे अर्ज करून विचारण्यासारखं आहे. विद्यापीठाच्या अ‍ॅथलेटिक्स विभागाचं वार्षिक अंदाजपत्रक मागा.

मुलाला मी शेवटी हे सांगितलं: शिकवणी फी आणि अ‍ॅथलेटिक्सचा हिशेब वेगळे ठेवलेले असतात, म्हणून सत्राच्या बिलात अ‍ॅथलेटिक्सच्या नावाची ओळ आहे का, ती बघ आणि मला फोटो पाठव. तो आता दर सत्राला पाठवतो. मी तो वहीत चिकटवते, त्याच वहीत, जिच्या पहिल्या पानावर पुढच्या तारखा लिहिल्या आहेत: बिग टेनचा करार २०२९-३० ला संपतो, बिग १२ चा २०३०-३१ ला, आणि त्याच वर्षी एसीसी सोडण्याची किंमत सगळ्यात कमी होते.